प्रोपिलीन ग्लायकॉल: फॉर्म्युल्यापासून ड्रमपर्यंतचा हिशेब

सिरपच्या फॉर्म्युल्यात मूळ औषधापुढचे मिलिग्रॅम आपण तीन-तीनदा तपासतो. द्रावकापुढचा आकडा मात्र बरेचदा मागच्या उत्पादनातून उचललेला असतो. प्रोपिलीन ग्लायकॉलच्या बाबतीत (धंद्यात सगळे पीजीच म्हणतात, मीही तेच म्हणतो) ही सवय महागात पडते. पीजीला स्वतःची मात्रा आहे, स्वतःचा चयापचय आहे आणि नवजात बाळासाठी त्याची मर्यादा एका थेंबाहूनही कमी आहे. शिवाय ड्रमवर पीजीचं लेबल आहे म्हणून आत पीजीच असेल, असं गृहीत धरल्याने आपल्याच देशात मुलं गेली आहेत.

फॉर्म्युलेशन किंवा क्यूसी (गुणवत्ता तपासणी) बघणाऱ्यांना आणि बी. फार्म.च्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना हातात घेऊन काम करता यावं, अशा बेताने पुढचे टप्पे लिहिले आहेत. भारतीय फार्माकोपियाचं (औषधांच्या दर्जाचा अधिकृत ग्रंथ) पीजीवरचं चालू मोनोग्राफ, म्हणजे त्याचे निकष आणि चाचण्या, शेजारी उघडं ठेवा. इथले आकडे त्याच्या जागी वापरायचे नाहीत.

आधी ओळख

पीजी म्हणजे प्रोपेन-१,२-डायॉल. रेणुभार ७६.०९, उत्कलनबिंदू १८८ अंश सेल्सिअसच्या आसपास. रंग नाही, वास जवळजवळ नाही, चव गोडसर पण मागून किंचित झोंबणारी. ग्लिसरीनपेक्षा बराच पातळ, पाण्यापेक्षा बराच दाट. पाणी, अल्कोहोल, ॲसिटोन, ग्लिसरीन यांत हव्या त्या प्रमाणात मिसळतो. खाद्यतेलात किंवा लिक्विड पॅराफिनमध्ये मिसळत नाही, पण काही सुगंधी तेलं त्यात विरघळतात. म्हणून फ्लेवर बनवणाऱ्यांचा तो लाडका. हवेतली ओल ओढतो.

एकाच रेणूत पाण्याशी जुळणारे दोन हायड्रॉक्सिल गट आणि तेलकट स्वभावाचा मिथाइल गट आहे. त्यामुळे पाण्यात न विरघळणारी कितीतरी औषधं त्याच्या मदतीने पाण्यात टिकतात: फेनिटॉइन, डायझेपाम, पॅराबेन (औषधात जंतू वाढू न देणारे परिरक्षक), बरीच जीवनसत्त्वं. पुरेशा प्रमाणात असला तर जंतूंची वाढही रोखतो. क्रीममध्ये ओलावा धरतो, गोळीच्या कोटिंगमध्ये फिल्म लवचिक ठेवतो. प्रचलित प्रमाण सांगायचं तर तोंडाने घ्यायच्या द्रावणात १० ते २५ टक्के, इंजेक्शनात १० ते ६०, त्वचेवरच्या औषधांत ५ ते ८० टक्के. हे आकडे पुस्तकांत छापलेले असतात आणि तिथूनच घोळ सुरू होतो, कारण हे ‘वापरलं जातं’ असं प्रमाण आहे. रुग्ण कोण आणि दिवसाला किती घेणार, याचा त्यात विचार नाही.

पहिला टप्पा: पीजी लागणार आहे का, ते कागदावर ठरवा

पॅरासिटामॉलचं उदाहरण घेऊ. बालरोगात सर्वाधिक लागणारं औषध आणि आकडेही पक्के आहेत. एक भाग पॅरासिटामॉल विरघळायला पाणी सुमारे ७० भाग लागतं, ग्लिसरीन ४० भाग, पीजी ९ भाग, अल्कोहोल ७ भाग. म्हणजे खोलीच्या तापमानाला एक मिलिलिटर पाण्यात साधारण १४ मिग्रॅ. आपल्याला हवं आहे ५ मिलित १२५ मिग्रॅ, म्हणजे मिलिला २५ मिग्रॅ. पाणी एकटं पुरत नाही, सहद्रावक (पाण्याच्या मदतीला दुसरा द्रावक) हवा.

किती हवा, याचा पहिला अंदाज लॉगच्या सरळ रेषेवरून काढता येतो. सहद्रावकाचं प्रमाण वाढेल तसा विद्राव्यतेचा लॉगॅरिदम साधारण सरळ रेषेत वाढतो, असं धरायचं. शुद्ध पीजीत मिलिला सुमारे ११० मिग्रॅ, पाण्यात १४. दोघांच्या गुणोत्तराचा लॉग ०.९ च्या जवळ येतो. २५ आणि १४ च्या गुणोत्तराचा लॉग ०.२५. भागाकार केला की उत्तर येतं ०.२८, म्हणजे सुमारे २८ टक्के पीजी.

हा फक्त अंदाज झाला. प्रत्यक्षात रेषा वाकते. सुक्रोज किंवा सॉर्बिटॉल घातलं की पाण्याची विरघळवण्याची ताकद घटते. शिवाय बाटली फ्रिजमध्ये गेली तरी तळाशी खडे बसता कामा नयेत, म्हणून थंड तापमानाची विद्राव्यता धरावी लागते. म्हणजे आकडा २८ च्या वरच जाणार. वेगवेगळ्या प्रमाणांची पाच-सहा मिश्रणं करा, जादा पॅरासिटामॉल घालून दोन दिवस हलवत ठेवा, गाळा आणि गाळलेल्यात किती आहे ते मोजा. मोजणी २५ अंशांवर करा आणि ५ अंशांवरही करा.

इथवर आलं की बरेच जण फॉर्म्युला पक्का करून स्थिरता चाचणीला पाठवतात. थांबा. खरा प्रश्न पुढच्या टप्प्यात आहे.

दुसरा टप्पा: किलोमागे किती जातंय ते मोजा

युरोपीय औषध संस्थेने २०१७ मध्ये पीजीची सुरक्षित समजली जाणारी रोजची कमाल मात्रा वयानुसार दिली. २८ दिवसांपर्यंतच्या बाळाला किलोमागे १ मिग्रॅ. एक महिना ते चार वर्षं, किलोमागे ५० मिग्रॅ. पाच वर्षांपुढे आणि मोठ्यांना किलोमागे ५०० मिग्रॅ. भारतासाठी हे कायद्याने बंधनकारक नाही, पण हाताशी असलेला हा सर्वांत वापरण्याजोगा मापदंड आहे. मी कुठलाही मुलांचा फॉर्म्युला आधी याच चाळणीतून काढतो.

एक वर्षाचं, १० किलोचं मूल धरा. किलोमागे १५ मिग्रॅ पॅरासिटामॉल म्हणजे एका वेळी १५० मिग्रॅ, म्हणजे आपल्या सिरपचे ६ मिलि. दिवसातून चार वेळा दिलं तर २४ मिलि. २८ टक्क्यांच्या सिरपमध्ये मिलिला सुमारे २९० मिग्रॅ पीजी आहे. २४ ने गुणा: ६,९६० मिग्रॅ. दहा किलोने भागा: किलोमागे ६९६ मिग्रॅ.

मर्यादा ५०. आपण जवळजवळ चौदापट वर आहोत. मोठ्या माणसाची मर्यादासुद्धा ओलांडली.

आता उलटा हिशेब करा. दहा किलोच्या मुलाला दिवसाला ५०० मिग्रॅ चालतात. २४ मिलिमध्ये वाटले तर मिलिला २०.८ मिग्रॅ, म्हणजे सुमारे २ टक्के. एवढ्या पीजीत पॅरासिटामॉल विरघळवायचं काम होणार नाही. पॅराबेन विरघळवायला मात्र तो पुरतो. म्हणून लहान मुलांसाठी सस्पेन्शन (औषध न विरघळवता बारीक कणांच्या रूपात द्रवात ठेवणं) करा, नाहीतर सहद्रावकाचा भार दुसऱ्या कुणावर टाका आणि त्या दुसऱ्याचाही असाच हिशेब मांडा. ‘पुस्तकात १० ते २५ टक्के चालतं असं लिहिलंय’ हे उत्तर या हिशेबापुढे टिकत नाही.

नवजात बाळाचं गणित तर आणखी कडक. तीन किलोच्या बाळाची दिवसाची मर्यादा ३ मिग्रॅ. पीजीच्या एका थेंबात सुमारे ५० मिग्रॅ असतात. थेंबांच्या बाटलीत वाहक म्हणून पीजी वापरला असेल, तर ते औषध नवजातांसाठी नाही, असं लेबलवर सरळ यायला हवं.

वयाप्रमाणे एवढा फरक का? पीजीचा काही भाग मूत्रपिंडातून तसाच बाहेर पडतो आणि उरलेला यकृतात अल्कोहोल डिहायड्रोजनेज या एन्झाइमकडून लॅक्टिक आम्लाच्या वाटेने जातो. नवजातांत हे एन्झाइम अजून कच्चं असतं आणि मूत्रपिंडही तयार झालेलं नसतं. मोठ्यांत पीजीचा अर्धायुष्य काळ दीड ते साडेतीन तासांच्या आत असतो, तर नवजातांत तो सतरा तासांच्या आसपास नोंदला गेला आहे. सहा तासांनी पुढचा डोस येतो तेव्हा आधीचा पीजी शरीरातच असतो. साठत गेला की रक्ताची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) वाढते, लॅक्टेट वाढतं, झटके येऊ शकतात. एचआयव्हीवरच्या लोपिनाविर-रिटोनाविरच्या तोंडी द्रावणात पीजी आणि अल्कोहोल दोन्ही भरपूर आहेत. दोघांना एकाच एन्झाइमची रांग लावावी लागते. त्या द्रावणाबद्दल अमेरिकेच्या एफडीएने २०११ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी इशारा दिला होता.

बेरीज करताना फ्लेवर विसरू नका. द्रवरूप स्ट्रॉबेरी किंवा ऑरेंज फ्लेवरचा मोठा भाग अनेकदा पीजीच असतो. पुरवठादाराकडून वाहक कोणता आणि किती टक्के, हे लेखी घ्या. ‘ट्रेड सिक्रेट’ म्हणून टाळणारा पुरवठादार मुलांच्या औषधासाठी कामाचा नाही.

तिसरा टप्पा: खरेदी

पीजी बनतो प्रोपिलीन ऑक्साइडवर पाण्याची क्रिया करून. सोबत डायप्रोपिलीन आणि ट्रायप्रोपिलीन ग्लायकॉल तयार होतात आणि ऊर्ध्वपातनाने ते वेगळे काढतात. एथिलीन ग्लायकॉल आणि डायएथिलीन ग्लायकॉल, म्हणजे ईजी आणि डीईजी, हे विषारी पदार्थ दुसऱ्याच घराण्यातले. ते एथिलीन ऑक्साइडपासून येतात. त्यामुळे चांगल्या प्लांटमधून निघालेल्या पीजीत ईजी-डीईजी टक्क्यांत सापडले, तर ते प्रक्रियेतून आलेले नसतात. वाटेत कुठेतरी टँकर नीट धुतला गेला नाही, ड्रम बदलला, किंवा कुणीतरी स्वस्त माल जाणूनबुजून मिसळला. दोष साखळीतला आहे, म्हणून साखळीच तपासायची.

खरेदी विभागाला हे समजावणं क्यूसीच्या कामापेक्षा अवघड जातं. टेक्निकल ग्रेडचा पीजी रेझिन, कूलंट, रंग यांच्या धंद्यात मुबलक मिळतो आणि स्वस्त मिळतो. आयपी (भारतीय फार्माकोपिया) ग्रेडचा ड्रम आणि टेक्निकल ग्रेडचा ड्रम गोदामात शेजारी उभे केले तर डोळ्यांना फरक दिसत नाही. म्हणून मूळ उत्पादकाचं नाव पर्चेस ऑर्डरवरच लिहा. सीओए (बॅचच्या तपासणीचा दाखला) मूळ उत्पादकाचाच मागा, व्यापाऱ्याच्या लेटरहेडवर पुन्हा टाइप केलेला चालणार नाही. बॅच नंबर उत्पादकाला ई-मेल करून पडताळा. मालाचे किती हात बदलले, ते बिलांवरून काढा. रिपॅक केलेला माल मुलांच्या औषधासाठी घेऊच नका, हे माझं मत. भाव कितीही चांगला असो.

हे अती वाटत असेल तर इतिहास बघा. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडचं एलिक्झिर बाजारात आलं, त्यात द्रावक म्हणून डीईजीच वापरला होता. शंभरावर माणसं दगावली आणि पुढच्याच वर्षी तिथे औषध विकण्याआधी त्याची सुरक्षितता सिद्ध करायला लावणारा कायदा झाला. १९८६ मध्ये आपल्या मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूवरचा आणि डोळ्यातला दाब उतरवायला दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डीईजी निघालं. १४ रुग्ण गेले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने खरेदीपासून अन्न व औषध प्रशासनापर्यंत सगळ्यांचे वाभाडे काढले. २०२२ मध्ये इंडोनेशियात दोनशेहून अधिक मुलं मेली. तिथल्या तपासात पीजीचं लेबल लावलेल्या ड्रममध्ये जवळजवळ निव्वळ ईजी भरलेलं आढळलं. आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपने वीसहून जास्त मुलं गेली. तमिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाच्या तपासणीत त्या सिरपच्या बॅचमध्ये ४८.६ टक्के डीईजी सापडलं. यातली कितीतरी मुलं उपचारासाठी नागपुरात आणली होती.

चौथा टप्पा: ड्रम दारात आला

ड्रम साधारण २१५ किलोचा. सील बघा, लेबल बघा, पुन्हा चिकटवलेलं लेबल ओळखायला नखाने कोपरा उचलून बघा. मग क्वारंटाइन, म्हणजे तपासणी होईपर्यंत वेगळा ठेवा.

ड्रम वीस असतील तर वीसही ड्रमांतून नमुना घ्यायचा. ड्रमसंख्येचं वर्गमूळ अधिक एक एवढेच ड्रम तपासायचे, हे सूत्र इथे वापरू नका. एकाच बॅचच्या वीस ड्रमांपैकी एकच बदललेला असू शकतो आणि तुमचं मूल नेमकं त्याच ड्रममधलं सिरप पिणार. नमुने एकत्र करून एकच चाचणी लावणंही तितकंच वाईट, कारण एका ड्रमातला दोष बाकीच्या एकोणीस ड्रमांत विरून जातो.

पहिली चाचणी सर्वांत स्वस्त: विशिष्ट गुरुत्व. २५ अंशांवर पीजीचं १.०३५ ते १.०३७ यायला हवं. ईजीचं १.११ च्या पुढे, डीईजीचंही तसंच. २५ मिलिच्या पिक्नोमीटरमध्ये (नेमक्या मापाची काचेची बाटली) पीजी भरला तर आतल्या द्रवाचं वजन सुमारे २५.८ ग्रॅम येतं, ईजी भरलं तर सुमारे २७.७. जवळजवळ दोन ग्रॅमचा फरक आणि तो साध्या तराजूवरही दिसतो. इंडोनेशियातला तो ड्रम या एका बाटलीने पकडला असता. मात्र पिक्नोमीटर २५ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवूनच मोजा. मे महिन्यात बंद एसीच्या लॅबमध्ये मोजलेला आकडा आकडाच नव्हे.

रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्सवर फार विसंबू नका. पीजीचा १.४३२ च्या आसपास, ईजीचा १.४३१ ते १.४३२. म्हणजे निव्वळ ईजीसुद्धा रिफ्रॅक्टोमीटरला पीजीच वाटतं. डीईजीचा १.४४७ आहे, तो पूर्ण ड्रम असेल तर कळेल.

आता मिश्रणाचं काय? पीजीत १.३ टक्का ईजी मिसळलं तर विशिष्ट गुरुत्व १.०३६ वरून १.०३७ वर जातं, म्हणजे अजून मर्यादेतच. आणि फार्माकोपियाची ईजीची मर्यादा आहे ०.१० टक्का, डीईजीचीही तेवढीच. म्हणजे पिक्नोमीटर पास झाला तरी ईजी मर्यादेच्या तेरापट असू शकतं. इन्फ्रारेडचंही तसंच. शुद्ध पदार्थ ओळखेल, टक्क्या-दोन टक्क्यांची भेसळ त्याच्या नजरेतून सुटेल.

म्हणून गॅस क्रोमॅटोग्राफीला पर्याय नाही. प्रत्येक ड्रमच्या नमुन्याची जीसी, फार्माकोपियातल्या पद्धतीने, ईजी आणि डीईजीचे संदर्भ नमुने शेजारी चालवून. ०.१० टक्क्याच्या पातळीचं प्रमाणित द्रावण इंजेक्ट केल्यावर दोन्हींची शिखरं स्पष्ट आणि वेगळी दिसली पाहिजेत. ती दिसत नसतील तर ‘आढळले नाही’ या शेऱ्याला काही अर्थ नाही. घरात जीसी नसेल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा आणि रिपोर्टबरोबर क्रोमॅटोग्राम मागा. नुसता ‘पास’ लिहिलेला कागद फायलीला लावू नका. टीएलसीने (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी) आधी चाळणी लावता येते, तीही चांगली, पण माल सोडायचा तो जीसी बघूनच.

बाकी चाचण्या त्या मानाने सरळ: पाणी कार्ल फिशर पद्धतीने मोजून ०.२ टक्क्यापर्यंत, आम्लता, क्लोराइड, सल्फेट, जळून उरणारा अवशेष, ॲसे (मूळ पदार्थाचं प्रमाण) ९९.५ टक्क्यांच्या वर.

ड्रमवर मंजुरीचं हिरवं लेबल लावायचं ते हे सगळं झाल्यावर. उत्पादनवाले ‘बॅच अडलीय’ म्हणून कितीही फोन करोत.

पाचवा टप्पा: प्रत्यक्ष वापर

वर म्हटल्याप्रमाणे मुलांच्या सस्पेन्शनमध्ये पीजीला उरतं ते पॅराबेन विरघळवायचं काम. एक लिटरचा लॅब बॅच धरून सांगतो.

मिथाइल पॅराबेन १.८ ग्रॅम, प्रोपाइल पॅराबेन ०.२ ग्रॅम. पाण्यात मिथाइल पॅराबेन १ ला ४०० या प्रमाणात आणि प्रोपाइल १ ला २५०० या प्रमाणात विरघळतं. म्हणून थेट पाण्यात टाकलं की पावडर वर तरंगते आणि भांड्याच्या कडेला चिकटते. मग बीएमआरवर (बॅचच्या उत्पादनाची नोंद) १.८ ग्रॅम आणि बाटलीत १.५, असा प्रकार होतो. पीजीत मात्र दोन्ही साधारण १ ला ५ आणि १ ला ४ या प्रमाणात विरघळतात. हिशेबाने १० मिलि पीजी पुरतो. आपण १५ मिलि घेऊ, म्हणजे विरघळायला वाव राहील. १५ मिलि पीजी म्हणजे १५.५ ग्रॅम, मिलिला १५.५ मिग्रॅ, आपल्या दहा किलोच्या मुलाला दिवसाला किलोमागे ३७ मिग्रॅ. मर्यादेच्या आत, वर फ्लेवरमधल्या पीजीलाही थोडी जागा उरली.

पीजी कोरड्या बीकरमध्ये घेऊन ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट करा. जास्त तापवू नका, उघड्यावर फार तापलेला पीजी हवेशी संयोग पावून प्रोपिऑनाल्डिहाइड आणि आम्लं बनवतो आणि वास बदलतो. आधी प्रोपाइल घाला, ते विरघळल्यावर मिथाइल. द्रावण पूर्ण पारदर्शक झालंय का, हे काळ्या पाटीसमोर धरून बघा. मग सस्पेन्शनचं पाणी जोरात ढवळत ठेवून हे द्रावण बारीक धारेने भोवऱ्याच्या कडेला सोडा, मध्यभागी नाही. एकदम ओतलं तर पीजी पाण्यात पळून जातो आणि पॅराबेन पांढऱ्या भुकटीच्या रूपात परत बाहेर पडतं. पाणीही कोमट असेल तर ही भीती कमी. बीकर पाण्याने दोनदा धुऊन ते पाणी बॅचमध्येच घाला, कारण बीकरच्या भिंतीला चिकटून राहतं ते पॅराबेनच.

पॅराबेनचा ॲसे टाकीच्या वरच्या आणि खालच्या भागातून घेऊन बघा. आणि तयार सस्पेन्शनच्या प्रत्येक बॅचमध्येही ईजी-डीईजी तपासा. कच्चा माल तपासला असला तरी सॉर्बिटॉल, ग्लिसरीन, फ्लेवर अशा इतर वाटांनी ते येऊ शकतं. खोकल्याची सिरप परदेशी पाठवण्याआधी सरकारी किंवा मान्य प्रयोगशाळेत तपासून घेणं भारताने १ जून २०२३ पासून सक्तीचं केलं. देशातल्या मुलांसाठीच्या मालाला वेगळा न्याय लावायचं कारण दिसत नाही.

इंजेक्शन आणि त्वचा

इंजेक्शनातला पीजी वेगळा विषय आहे, पण हिशेब तोच. फेनिटॉइनच्या इंजेक्शनात ४० टक्के पीजी आणि १० टक्के अल्कोहोल असतं, पीएच १२ च्या जवळ. ते मिनिटाला ५० मिग्रॅपेक्षा वेगाने देऊ नये असं जे शिकवतात, त्यात रक्तदाब कोसळणं आणि हृदयाची लय बिघडणं यांमागे पीजीचाही हात धरला जातो. फॉसफेनिटॉइन हे त्याचंच बदललेलं रूप पाण्यात विरघळतं, त्याला पीजी लागत नाही.

लोराझेपामच्या इंजेक्शनात तर सुमारे ८० टक्के पीजी. आयसीयूत ६० किलोच्या रुग्णाला तासाला ५ मिग्रॅ सतत चालू ठेवलं, तर मिलिला २ मिग्रॅच्या इंजेक्शनाचे दिवसाला ६० मिलि जातात, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम पीजी, किलोमागे आठशेहून जास्त मिलिग्रॅम. अशा रुग्णाचा ऑस्मोलल गॅप (मोजलेल्या आणि हिशेबाने काढलेल्या ऑस्मोलॅलिटीतला फरक) वाढला, लॅक्टेट चढलं आणि कारण सापडत नसेल, तर इन्फ्युजनच्या बाटलीकडे बघा.

आणखी एक, फार्मसीच्या काउंटरवरचं. मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू टाळा हे सगळे सांगतात. त्याच माहितीपत्रकात पीजी असलेल्या औषधांचाही उल्लेख असतो, तो कुणी वाचत नाही.

त्वचेवर पीजी औषध आत ढकलायला मदत करतो. केसगळतीवरच्या मिनॉक्सिडिलच्या ५ टक्के द्रावणात तो निम्मा असू शकतो. डोक्याला खाज, लाली, कोंड्यासारखी सालं निघणं यांचं खापर मिनॉक्सिडिलवर फुटतं, पण पुष्कळदा गुन्हेगार पीजी असतो. फोममध्ये सहसा पीजी नसतो, म्हणून तो सोसतो. भाजलेल्या मोठ्या जखमांवर पीजी असलेलं क्रीम भरपूर लावलं तर तो रक्तात पोचतो, हे ध्यानात ठेवावं.

साठवण

बंद झाकण, उजेडापासून दूर, थंड कोरडी जागा. पोटॅशियम परमँगनेटसारख्या ऑक्सिडीकारकांच्या शेजारी नाही. फ्लॅश पॉइंट ९९ अंश, म्हणून अल्कोहोलइतका धाक नाही, पण उघड्या ज्योतीपासून लांबच बरा.

खरा शत्रू ओल. पाण्याची मर्यादा ०.२ टक्का म्हणजे २१५ किलोच्या ड्रमला जेमतेम ४३० ग्रॅम पाणी. तारापूर, महाड, चिपळूणच्या पावसात अर्धा वापरलेला ड्रम झाकण सैल ठेवून महिनाभर उभा राहिला तर तेवढं पाणी सहज ओढून घेईल. मी मान्सूनमध्ये उघडलेल्या ड्रमवर उघडल्याची तारीख लिहायला लावतो आणि पुढच्या बॅचला काढण्याआधी कार्ल फिशर पुन्हा करायला सांगतो. पंपाची नळी दुसऱ्या कुठल्याही द्रवासाठी वापरायची नाही. ती टांगून ठेवायची जागा ठरलेली, तिच्यावर नाव लिहिलेलं. रिकामा ड्रम भंगारात देण्याआधी त्याचं लेबल खरवडून काढा आणि ड्रमला भोक पाडा, नाहीतर तोच ड्रम तेच लेबल मिरवत, दुसरंच काही पोटात घेऊन पुन्हा कुणाच्या तरी दारात येतो.

प्रत्येक ड्रमचा राखीव नमुना काचेच्या बाटलीत, एआर (तपासणी अहवालाचा) नंबर आणि ड्रम नंबर लिहून, त्या पीजीच्या शेवटच्या उत्पादनाची मुदत संपल्यावर आणखी एक वर्ष ठेवा. छिंदवाड्यासारखा फोन आला तर पहिला प्रश्न विचारला जातो तो हाच: कोणता ड्रम, आणि त्याचा नमुना कुठे आहे?